पगार त्यांचा, शिल्लक कुणाची?

गावाकडून पाहुणे आले, चहापाणी झालं, की एक प्रश्न हमखास येतो. "मग, काय मिळतं हो तुमच्या ह्यांना?" आपण थोड्या अभिमानानं, थोड्या संकोचानं एक आकडा सांगतो. पाहुण्या बाई मनातल्या मनात तो आकडा गावच्या मजुरीशी ताडून पाहतात आणि म्हणतात, "बरं झालं बाई, सुटलात तुम्ही!"

मैत्रिणींनो, खरंच सुटलो का आपण? गाव सोडून पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, तळोजा या भागात कायमचं बिऱ्हाड थाटलेली हजारो घरं आहेत. तुमचं घर त्यांतलंच एक असेल, किंवा तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचं असेल. या घरांची कमाई नेमकी किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. तो आकडा तर अर्धाच हिशेब असतो. उरलेला अर्धा आज आपण कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहू या.

पनवेलला माणसं आली कशी?

पनवेल हे काही काल वसलेलं गाव नव्हे. इथली नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. घाटावरून उतरणारा माल इथल्या बंदरात यायचा. बैलगाडीची चाकं बनवण्यासाठी हे गाव नावाजलेलं होतं. तेव्हाही बाहेरची माणसं पोटासाठी इथं येत, पण बेताबेतानं.

मोठा लोंढा आला तो सिडकोनंतर. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला. तळोज्याला कारखाने आले. मुंबईतल्या गर्दीतला लोखंडाचा बाजार हलवण्यासाठी कळंबोलीत जागा झाली. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, १९९८ मध्ये लोकल पनवेलपर्यंत आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तर नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानंही उडू लागली. नुसत्या पनवेल शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १,०४,०५८ होती, ती २०११ मध्ये १,८०,०२० झाली. दहा वर्षांत पाऊण लाखाची भर!

ही माणसं कुठली? कुणी आपल्याच रायगडातल्या पोलादपूर-महाडकडची, कुणी रत्नागिरीची, कुणी सातारा-सांगलीकडची, कुणी मराठवाड्यातली, कुणी थेट उत्तर प्रदेश-बिहारमधली. सगळ्यांच्या तोंडी वाक्य मात्र एकच: "गावात काय ठेवलंय?"

गावात काय ठेवलंय, तेच तर मोजायचं आहे.

चाकरमानी आणि बिऱ्हाडकरू

आपल्या आजे-सासऱ्यांच्या काळी कोकणातला, घाटावरचा पुरुष मुंबईला जायचा तो एकटा. गिरणीत काम, गिरणगावात दहाजणांत एक खोली, खानावळीत जेवण, आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर. घरची बाई गावातच. भात लावायची, गुरं सांभाळायची, म्हाताऱ्यांची उस्तवार करायची. घर दोन पायांवर उभं होतं. एक पाय मुंबईत, दुसरा शेतात. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबले, तेव्हा कितीतरी गिरणी कामगार गावी परतले. तिथं निदान छप्पर होतं, मूठभर भात होता.

कायमचं बिऱ्हाड करणाऱ्याचं तसं नसतं. तो बायकामुलांसह येतो, मुलं इथल्या शाळेत जातात. पहिली काही वर्षं गावाहून तांदळाचं पोतं येतं, कोकमं येतात, सुकी मासळी येते. मग सासू थकते, शेत पडीक राहतं, भावाभावांच्या वाटण्या होतात. पोतं यायचं थांबतं, ते कधी थांबलं तेही लक्षात राहत नाही. आता घर एकाच पायावर उभं असतं. म्हणून त्या पायात बळ किती, हे पाहायला हवं.

हिशेबाला बसू या

समजा, पोलादपूरकडचं एक जोडपं आहे. आपण त्यांना दादा आणि वहिनी म्हणू. दोन मुलं. दादा तळोज्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे आणि त्याच्या हातात महिन्याला २०,००० रुपये पडतात. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत हं. तुमचे आकडे तुम्ही घाला, रीत तीच राहील.

खोलीचं भाडं ६,५००. वीज ९००. गॅस ९००. किराणा, तांदूळ, दूध, भाजी मिळून ६,०००. मुलांची शाळा, शिकवणी, वह्या २,०००. जाण्या-येण्याचे १,२००. मोबाइलचे ५००. गावी सासू-सासऱ्यांना १,५००. बेरीज करा. १९,५०० होतात. उरले ५०० रुपये. त्यात कुणाला ताप आला, गणपतीला गावी जायचं झालं, भाचीचं लग्न निघालं, की संपलं.

आता गावाकडचा हिशेब. तिथं दादाला सालभराची सरासरी काढली तर महिन्याला रोख ९,००० मिळत होते असं धरू. "कुठे नऊ आणि कुठे वीस!" असं आपण पटकन म्हणून जातो. पण तिथं खोलीचं भाडं नव्हतं. महिन्याला २५ किलो तांदूळ घरचा. ४५ रुपये किलोनं म्हटलं तरी ११२५ रुपये झाले. सरपण, परसातली भाजी, अंडी, ताक यांचे पनवेलच्या भावानं १,४०० धरा. भाड्याचे ६,५०० मिळवले की सगळे मिळून नऊ हजार होतात. म्हणजे गावातल्या नऊ हजारांना इथल्या अठरा हजारांची किंमत होती. उरलं अंतर दोन हजारांचं. त्यातले १,२०० जाण्या-येण्यात जातात आणि १,५०० गावी पाठवावे लागतात, कारण म्हातारी माणसं आता आपल्याच चुलीवर जेवत नाहीत. म्हणजे दोन हजारांचे सत्तावीसशे गेले!

"दुरून डोंगर साजरे" म्हणतात ते हेच. पगाराचा आकडा दुरून मोठा दिसतो. भाडं आणि दाणागोटा वजा केला की तो गावच्या आकड्याएवढाच उरतो.

जाता जाता भाड्याबद्दल एक गोष्ट. ६,५०० घेणाऱ्या घरमालकिणीला नावं ठेवण्यापूर्वी तिच्याकडेही पाहा. या भागातल्या गावठाणांमधली चाळ बहुधा एखाद्या आगरी घराची असते. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली. त्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईला आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. शेत गेल्यावर खोल्यांचं भाडं हेच तिचं पीक झालं. तुमच्या घरचा खर्च तो तिच्या घरची कमाई. दोघीही एकाच शहराच्या पायी आपापला भात गमावून बसलेल्या.

मग यायचं कशाला?

तुम्ही म्हणाल, एवढंच असेल तर माणसं येतात कशाला? आणि एकदा आलेली परत का जात नाहीत?

हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनाही पडला होता. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या दोघांनी १९७० साली त्याचं एक उत्तर मांडलं. माणूस गाव सोडतो तो आज हातात पडणाऱ्या मजुरीकडे पाहून नव्हे, तर पुढे चांगली नोकरी मिळेल या आशेचा हिशेब करून. आज हमाली, उद्या कायम नोकरी. आज चाळीत, उद्या स्वतःच्या खोलीत.

आपल्या बायकांच्या भाषेत सांगायचं तर शहरात तीन गोष्टी मिळतात. एक म्हणजे बारमाही काम. गावात आवणी आणि कापणीला माणूस मिळत नाही, आणि एरवी माणसाला काम मिळत नाही. दुसरी म्हणजे मुलांची शाळा-कॉलेजं आणि अडीनडीला डॉक्टर. तिसरी गोष्ट आपण सहसा बोलून दाखवत नाही. शहरात बाईच्या हाताला रोख दाम मिळतो. गावात ती दिवसभर राबायची, पण ते "घरचंच काम" असायचं. इथं त्याच हातांनी केलेल्या पोळ्यांना पैसे मिळतात.

आणि खरी शिल्लक पडते ती इथं.

वहिनींचा 'हातभार'

आपल्या वहिनी सकाळी दोन घरी स्वयंपाक करतात. प्रत्येकी ३,५०० प्रमाणे ७,००० झाले. दुपारी साड्यांना फॉल-पिको करतात, त्याचे १,५०० धरू. एकूण ८,५००. त्यांतले साडेतीन हजार औषधपाणी, सणवार, मुलांचे कपडे यांत जातात. ५,००० त्या बाजूला टाकतात. वर्षाचे झाले ६०,०००. पाच वर्षांचे ३ लाख, व्याज सोडून. खोली घेताना पहिला हप्ता जातो तो यातूनच.

आता बघा गंमत. दादाच्या वीस हजारांना घरात "पगार" म्हणतात. वहिनींच्या साडेआठ हजारांना म्हणतात "हातभार". पगार सगळा खर्चून जातो, शिल्लक हातभारातून पडते, आणि खोलीचा करारनामा होतो एकट्या दादाच्या नावावर!

यात दादाला दोष द्यायचा नाही. त्याचा पगार भाड्यात आणि किराण्यात गेला म्हणून तर वहिनींचे पैसे राखता आले. रुपयावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण म्हणूनच तर घर दोघांच्या कमाईचं झालं ना? मग कागदावर एकच नाव का?

शिवाय, न दिसणारी कमाई वेगळीच. एकटा चाकरमानी खानावळीला पैसे मोजायचा. दादाचा डबा वहिनी भरतात, म्हणून ते पैसे वाचतात. गिरणगावात हाच स्वयंपाक करून बायका संसार चालवत होत्या आणि सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं. तोवर जे "बायकांचं रांधणं" होतं, तो बँकेच्या कागदावर "धंदा" ठरला. काम तेच होतं, फक्त ते मोजलं गेलं.

मोजलं न गेल्यानं काय होतं, ते सरकारी मोजणीतही दिसतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या स्थलांतरित स्त्रियांपैकी दर तिघींमध्ये जवळजवळ दोघींनी गाव सोडण्याचं कारण "लग्न" असं नोंदलेलं आहे. खोटं नाही ते. लग्न झालं म्हणूनच तर गाव सुटलं. पण शहरात आल्यावर तिनं चार घरची भांडी घासली, शिवण केलं, पोळी-भाजी केंद्र चालवलं, हे त्या एका शब्दात कुठं मावतं? कागदावर ती नवऱ्यामागून आलेली बाई असते. तिच्या कमाईची नोंद घरानंही केली नाही तर दुसरं कोण करणार?

कमाई मुठीत राहावी म्हणून

मैत्रिणींनो, नुसतं हळहळून काही व्हायचं नाही. पुढच्या गोष्टी या महिन्यातच करून टाका.

*वही घाला.* दोन रकाने करा, एक त्यांचा, एक तुमचा. फॉल-पिकोचे पन्नास रुपये आले तरी लिहा. गावाहून काही आलं तर त्याचीही बाजारभावानं किंमत मांडा. तीन महिन्यांत तुमचं तुम्हाला कळेल, घर कशावर चाललंय ते.

*रेशन सोडू नका.* "कार्ड गावचं आहे, इथं काय उपयोग?" असं म्हणून कितीजणी धान्य सोडून देतात. अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर गावच्या कार्डावर पनवेलच्या दुकानातही धान्य उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चौघांचं २० किलो झालं. बंद झालेल्या पोत्याची बरीचशी भरपाई झाली की!

*त्यांच्या पगाराचा कागद पाहा.* ठेकेदार पगारातून प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे कापतो, पण ते खात्यात पडतात का? यू.ए.एन. क्रमांक मागून घ्या आणि मोबाइलवर पासबुक पाहा. कामगाराचा भाग जमा होतो तसा मालकाचाही व्हायला हवा. तीही तुमचीच कमाई आहे, फक्त पुढे मिळणारी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओझी उचलणाऱ्यांच्या घरच्यांनी माथाडी मंडळातली नोंदणी तपासावी. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. नोंदीत कामगाराची मजुरी मंडळाकडे जमा होऊन त्याला मिळते, आणि तिच्यासोबत फंड, बोनस, रजा हेही येतं. बिननोंदणीच्या हमालाला फक्त त्या दिवसाचे पैसे मिळतात. ओझं मात्र दोघांच्या पाठीवर सारखंच.

*घरकाम करणाऱ्या भगिनींनो,* तुमच्यासाठी राज्यात २००८ सालचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. नोंदणी करून घ्या. पगार शक्यतो बँकेत घ्या, म्हणजे तुमच्या कमाईचा पुरावा राहतो आणि उद्या कर्ज मागताना तोच कामी येतो. आणि ज्यांच्या घरी अशा बाई येतात, त्या मैत्रिणींनो, खात्यावर पैसे पाठवायला आपल्याला काय जड आहे? वर्षाला थोडी पगारवाढही आठवणीनं द्या. भाडं दरसाल वाढतंच ना त्यांचं?

*पैसे कुठे ठेवता?* भिशी चांगली, पण ती ओळखीवर चालते. मोठी रक्कम तिच्यात अडकवू नका. बँकेतही सगळं एकाच ठिकाणी नको. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण आहे. पनवेलकरांना हे वेगळं सांगायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा हा विमा म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. आणि हो, एक खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं हवंच.

*खोली भाड्याची असली तरी करार नोंदवून घ्या.* महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा असा कायदा आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मुलांच्या शाळेपासून गॅसच्या नळकांड्यापर्यंत पत्त्याचा पुरावा लागतो, तो यातूनच मिळतो.

*खोली विकत घेताना घाई नको.* गावठाणाच्या कडेला उभी राहिलेली इमारत, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी, आणि "सगळे असंच घेतात हो वहिनी" असं म्हणणारा दलाल. इथं थांबा! नोटरीच्या शिक्क्यानं मालकी मिळत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला करारनामा, बांधकामाची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, आणि नवं बांधकाम असेल तर महारेराचा क्रमांक, हे सगळं मागा. कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी महागच. पाच वर्षांचे तीन लाख, म्हणजे वहिनींनी पाच वर्षं रोज पहाटे उठून लाटलेल्या पोळ्या आहेत त्या. एका सहीनं बुडवू नका.

*आणि नाव.* करारात दोघांचं नाव घाला. शक्य असेल तर घर तुमच्याच नावावर घ्या. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. २० लाखांच्या घरामागे २०,००० वाचतात. "नावात काय आहे?" म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. पैशाची भाषा सगळ्यांनाच कळते.

*गावाकडचा सातबारा विसरू नका.* माहेरचा भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागायला येतो, तेव्हा भावाच्या मायेनं आपण न वाचताच सही करतो. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये तो जन्मतःच असल्याचं स्पष्ट केलं. सही करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण वाचून आणि समजून ठरवा. भाऊही राहावा आणि हक्कही कळावा. शहरात एका पायावर उभ्या असलेल्या घराला गावातला तो जमिनीचा तुकडा म्हणजे दुसरा पाय असू शकतो.

शेवटी एवढंच

हिशेब मांडला म्हणजे घरात भांडण लागेल, अशी काहीजणींना भीती वाटते. तसं मुळीच नाही. ज्या घरात दोघांना आकडे माहीत असतात, तिथं "पैसे जातात कुठं?" हा रोजचा वाद कमी होतो. एखाद्या रविवारी जेवणं झाली की वही ह्यांच्यापुढे ठेवा. शेजारी मुलीलाही बसवा, मुलालाही. गावाहून शहरात येऊन स्थिरावायला आईनं काय काय केलं, ते मुलांनी आईच्या अक्षरात वाचलेलं बरं. उद्या त्यांना कुणी विचारलं, "तुमच्या घरात कमावतं कोण?" तर त्यांनी दोन नावं सांगितली पाहिजेत.